शून्य दाबाच्या रेषेवर झोपड्या घालू नयेत म्हणून

प्रति,
मा. अधीक्षक अभियंता,
कुसवंड धरण बांधकाम मंडळ,
मु. कुसवंड, महाराष्ट्र राज्य.

अर्जदार: कु. वसुमती जयतीर्थराव कोलारकर, एम. एस्सी., फिल्म-वाचक, आघात-मापन केंद्र, बंगळूर. राहणार मल्लेश्वरम, बंगळूर.

विषय: आपल्या खाणीजवळच्या मजुरांची वस्ती आमच्या केंद्राने दाखविलेल्या "शून्य दाबाच्या रेषे"वर न बसविण्याबाबत.

संदर्भ: केंद्राचा अहवाल, "खाणीतील स्फोटाच्या लाटेचा दाब: जलद छायाचित्रणाने केलेले मापन", जानेवारी १९६७. त्यातील शेवटचा तक्ता.

महोदय,

१. वरील अहवालावर फिल्म वाचणारी म्हणून अर्जदाराचे नाव छापलेले आहे. त्याचा शेवटचा तक्ता खोटा आहे. अर्जदाराने तो तसा लिहिला नव्हता. त्या तक्त्यावर विसंबून आपले मंडळ मजुरांची वस्ती मांडणार आहे असे कळले, म्हणून हा अर्ज. तो योग्य मार्गाने आलेला नाही याची अर्जदारास जाणीव आहे. योग्य मार्ग आमच्या संचालकांच्या टेबलावरून जातो, आणि अर्जदाराचे आधीचे सर्व कागद त्याच टेबलावर मुक्कामाला आहेत. आपल्या राज्याचा कारभार आता मराठीत चालतो असे वर्तमानपत्रात वाचले. अर्जदाराच्या घरी कित्येक पिढ्या मराठीच बोलली जाते, परंतु कचेरीच्या कामासाठी ती लिहिण्याची ही पहिलीच वेळ. भाषेत काही कमीजास्त असल्यास सांभाळून घ्यावे. आकड्यांत सांभाळून घेऊ नये.

२. मापनाची रीत अशी. सर्जापूर रस्त्याला शहर संपते आणि नाचणीची शेते लागतात, तेथे एका जुन्या दगडखाणीत केंद्राची चाचणीची जागा आहे. सुरुंग उडाला की दाबाची एक लाट हवेतून सगळ्या बाजूंना धावत सुटते. ती डोळ्यांना दिसत नाही. पण तिच्या मागे पट्ट्यापट्ट्यांची भिंत असली, तर लाट जेथे पोचली असेल तेथले पट्टे क्षणभर वाकडे होतात, पाण्यात बुडवलेली काठी दिसते तसे. हे वाकणे पकडायला सेकंदाला हजारो चित्रे घेणारा कॅमेरा लागतो, तो केंद्राकडे आहे. अर्जदार कचेरीतल्या अंधाऱ्या खोलीत बसून ती फिल्म एकेक चित्र पुढे सरकवत बघते आणि एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत लाट किती पट्टे पुढे गेली ते लिहून ठेवते. पट्ट्याची रुंदी ठाऊक, दोन चित्रांमधला वेळ ठाऊक. त्यावरून वेग निघतो आणि वेगावरून दाब. लाट ध्वनीपेक्षा जितकी वेगवान तितका तिचा दाब जास्त. दूर जाता जाता ती मंदावते आणि ध्वनीच्या वेगाशी आली की नुसता आवाज उरतो. त्याच्या खाली ती कधीही उतरत नाही. पुढचा सगळा अर्ज या एका गोष्टीवर उभा आहे.

३. भिंतीवरचे पट्टे मुळात काळे-पांढरे आणि नऊ इंच रुंदीचे होते. भिंत बांधली तेव्हा ते आखून घेताना अर्जदार स्वतः हजर होती. गेल्या डिसेंबरात चाचणी बघायला दिल्लीहून बडे पाहुणे येणार असे ठरले. भिंत धुराने कळकटलेली. कार्यालय अधीक्षक श्री. गुंडूराव यांना ते बघवेना. "पाहुण्यांपुढं ही काजळी मांडून ठेवायची? आपल्या घरच्या लग्नात ठेवू काय अशी?" असे म्हणून त्यांनी मल्लेश्वरमहून दामोदर पेंटरला बोलावले. दामोदर आमच्या भागातल्या देवळांच्या आवाराच्या भिंती रंगवतो. आपल्याकडे कसे असते ठाऊक नाही, परंतु या मुलुखात देवळाच्या भिंतीला पांढरा चुना आणि तांबडी काव यांचे उभे पट्टे असतात, आणि दर उत्सवाआधी ते नव्याने ओढले जातात. दामोदरला "भिंत आहे, पट्टे मारायचे आहेत, पाहुणे यायच्या आत झाले पाहिजे" एवढेच सांगण्यात आले. रुंदी कोणी सांगितली नाही. काळा रंग कोणी आणून दिला नाही. त्याने सवयीने काव कालवली आणि हात बसलेला होता तसे फूटभर रुंदीचे पट्टे ओढले. अर्जदाराने मागाहून विचारले तेव्हा तो म्हणाला, "देवळाचा पट्टा फूटभरच असतो, अक्का. नऊ इंच कोण ओढतो? रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसायला नको?" दामोदरविषयी अर्जदाराची काहीही तक्रार नाही. त्याचे पट्टे ओळंब्यात आहेत.

४. आमची फिल्म काळी-पांढरी असते. तिच्यावर कावेचा तांबडा काळाच उमटतो. पडद्यावर भिंतीचा तुकडाच दिसतो, सगळी भिंत दिसत नाही. त्यामुळे अंधाऱ्या खोलीत बसलेल्या अर्जदारास भिंत नेहमीचीच वाटली, आणि प्रत्येक पट्टा नऊ इंचांचा धरून तिने नवी फिल्म वाचली. सुरुंगाजवळचे आकडे थोडे कमी आले, पण पटण्यासारखे होते. भिंतीच्या दूरच्या टोकाशी, सुरुंगापासून शंभर फुटांवर, लाटेचा वेग आला सेकंदाला नऊशे चाळीस फूट. ध्वनीचा वेग साडेअकराशेच्या आसपास असतो. म्हणजे सुरुंगाचा आवाज पुढे निघून गेला होता आणि सुरुंगाची लाट मागून रमतगमत येत होती. असे होत नाही. अर्जदाराने फिल्म पुन्हा वाचली, कॅमेऱ्याची गती तपासली, आणि दुसऱ्या दिवशी घरातली शिवणकामाची फीत घेऊन बसने खाण गाठली. पट्टा फुटाचा निघाला. फूट धरून हिशेब केल्यावर वेग साडेबाराशेवर जातो. त्या वेगाच्या लाटेपुढे कुडाची झोपडी टिकत नाही, आणि आत बसलेल्या माणसाचे कान टिकतील याची हमी कोणी देऊ नये.

५. हे सर्व अर्जदाराने संचालक डॉ. शामसुंदर यांच्यापुढे ठेवले. ते अर्जदाराच्या वडिलांचे स्नेही, अर्जदारास लहानपणापासून ओळखतात, आणि म्हणून केंद्रातही एकेरीत बोलतात. ते म्हणाले, "बंगळूरची हवा थंड, वसू. लाट स्वल्प सावकाश जात असेल." थंडीने इतका फरक पडायचा तर बंगळुरास बर्फाखाली पुरावे लागेल असे अर्जदाराने नम्रपणे सांगितले. त्यावर, अहवाल पाठवायची मुदत संपत आली आहे, तेव्हा आहे तो आकडा सूत्रात घाल, असा आदेश झाला. घातला. उत्तरात दाब उणे आला. उणे दाबाचा अर्थ असा की त्या जागी लाट माणसाला ढकलण्याऐवजी मायेने जवळ ओढते. संचालकांनी कागद बघितला आणि चष्मा पुसला. म्हणाले, "उणे कशाला दाखवायचं गे? गिऱ्हाईक घाबरेल. शून्य लिही, म्हणजे सरी होतं, बरोबर होतं." अर्जदाराने लिहिले नाही. टंकलेखकाने लिहिले. आपल्या मंडळाकडे आलेल्या तक्त्यात शंभर फुटांसमोर जे शून्य आहे, ते कॅमेऱ्याने बघितलेले नाही, भिंतीवर उमटलेले नाही आणि फिल्मवर तर नाहीच. एका अशक्य आकड्याची लाज झाकायला ते ठेवलेले आहे.

६. अहवाल परत मागवून दुरुस्त करावा अशी लेखी विनंती केल्यावर ती श्री. गुंडूराव यांच्याकडे अभिप्रायासाठी गेली. भिंतीचे बिल त्यांनी "पूर्ववत रंगकाम" असा शेरा मारून मंजूर केलेले होते आणि ते तपासणीतून सुटले होते. त्यांचा अभिप्राय असा की ज्या अर्थी काम पूर्ववत झाले आहे, त्या अर्थी पट्टे पूर्ववत नऊ इंचांचे आहेत. अर्जदाराची फीत ही केंद्राच्या भांडारातील नसून शिलाईची असल्याने तिच्या मापाची दखल घेता येत नाही. भांडारातील फीत मिळण्यासाठी मागणीपत्रावर संचालकांची सही हवी, आणि ज्या गोष्टीबाबत शंका नाही तिच्या मापनासाठी संचालक सही करीत नाहीत. व्हरांड्यात भेटले तेव्हा गुंडूराव आवाज खाली आणून म्हणाले, "अक्का, उन्हाळ्यात मी रिटायर होतो. आता पट्टे बदललेत म्हणून निघालं तर माझं पेन्शन कोण देणार, तू? आकडे काय, तुमचे तुम्ही घरी बसून करताच." या माणसाने अर्जदाराच्या वडिलांच्या श्राद्धाला पंगतीत वाढलेले आहे. तो वाईट नाही. शेराच तेवढा खरा आणि भिंत खोटी, हे तो आता मनापासून मानतो, आणि त्याच्याशी बोलताना अर्जदारास जी किळस येते ती याचीच.

७. मग भिंत पुन्हा काळ्या-पांढऱ्या नऊ इंची पट्ट्यांनी रंगवावी आणि नव्याने चाचणी घ्यावी, एवढीच मागणी अर्जदाराने केली. ती भिंतीच्या पायथ्याशी येऊन अडली. पाहुण्यांच्या भेटीच्या दिवशी कॅमेरा सुरू करण्याआधी केंद्राच्या अधिकाऱ्यांनी त्या भिंतीपुढे नारळ फोडला होता आणि कापूर लावला होता. खाणीतल्या बायकांनी बघितले की तांबडे-पांढरे पट्टे आहेत, नारळ फुटला आहे, कोट घातलेले मोठे लोक हात जोडून उभे आहेत. दुसऱ्या दिवसापासून त्या हळदकुंकू वाहू लागल्या. पुढे कोणी तीन दगड मांडले. शिवरात्रीला पणत्या लागल्या. अर्जदाराने दगड फोडणाऱ्या यल्लव्वाला विचारले की ही कोणती देवी. ती म्हणाली, "तुम्हालाच ठाऊक की अक्का. नारळ तुमच्या दोरेंनी, मोठ्या साहेबांनी फोडला. आम्हाला वाटलं, विचारूनच फोडला असेल." आता श्री. गुंडूराव यांच्या सहीची पाटी तेथे लागली आहे: पादत्राणे काढून पुढे जावे. अर्जदाराच्या मागणीवर लेखी उत्तर मिळाले की स्थानिकांच्या भावना गुंतल्या असल्याने भिंतीच्या रंगात बदल करणे उचित नाही. त्याच भिंतीपुढे चाचण्यांचे सुरुंग नेहमीप्रमाणे उडत आहेत, आणि दर खेपेस पणत्या विझतात, दगड कलंडतात, बायका ते पुन्हा नीट मांडतात. भावनांना सुरुंगाचे काही वाटत नाही, कुंच्याचे वाटते, असे केंद्राचे मत दिसते.

८. येथवरचे सर्व अर्जदाराने गिळले असते. सरकारी कचेरीत वाईट अहवाल फडताळात कुजतात, कोणाच्या अंगावर पडत नाहीत, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. अहवालावर सही झाल्यावर मात्र आमच्याच खाणीत सुरुंगापासून शंभर फुटांवर एक खुंटी ठोकण्यात आली, तिला चुना फासण्यात आला आणि मजुरांनी खुंटीपर्यंत बसण्यास हरकत नाही असे जाहीर झाले. तोवर त्यांना सुरुंगाच्या वेळी लांब रस्त्यापलीकडे पिटाळत असत, आणि कामाचा तेवढा वेळ फुकट जातो अशी मुकादमाची कुरकुर होती. उडणाऱ्या दगडांसाठी मातीचा बांध आहे. हवेला तो अडवत नाही. फेब्रुवारीत यल्लव्वा त्या खुंटीजवळ भाकरी सोडून बसली होती. सुरुंग उडाला, तिच्याजवळची पाण्याची घागर तडकली, आणि तिच्या डाव्या कानातून रक्त आले. त्या कानाने तिला आजतागायत ऐकू येत नाही. अर्जदाराने तिला संचालकांच्या खोलीत नेऊन उभे केले. त्यांनी शिपायाला पाणी द्यायला सांगितले, बिचारी म्हणून हळहळले, आणि ती बाहेर गेल्यावर म्हणाले, "वसू, कान हे काही आपल्या नोंदणीतलं उपकरण नाही. त्याचं कॅलिब्रेशन कोण करणार?" खोलीत अर्जदाराखेरीज दोन अधिकारी होते. ते हसले.

९. यल्लव्वाचा नवरा परसू त्या टोळीचा मुकादम आहे. आपल्या धरणाच्या कंत्राटदाराने परसूची सगळी टोळी, बायकापोरांसह, कुसवंडला न्यायचे ठरविले आहे. आपल्या खाणीतले सुरुंग आमच्या चाचणीच्या मापाचेच असणार आहेत, कारण चाचणीच आपल्यासाठी होती. वस्ती खाणीला जितकी लागून, तितका कामावर जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, आणि शास्त्रीय अहवाल शंभर फुटांवर शून्य म्हणतो, तेव्हा झोपड्या बांधाच्या आड शंभर फुटांवर बसवायच्या असा नकाशा कंत्राटदाराच्या माणसाने परसूला दाखवला. सुरुंगाच्या वेळी घरात कोणी नसेल असे त्याचे म्हणणे. बाळंतीण असते, म्हातारे असते, तापाने पडलेले असते. परसूला जागा पसंत आहे. यल्लव्वाला नाही. ती गेल्या आठवड्यात अर्जदाराच्या घरी मल्लेश्वरमला आली. पायरीवर बसून, चांगला कान अर्जदाराकडे करून ती म्हणाली, "कागदावर तुझं नाव आहे म्हणतात, अक्का. मला कागद नको. झोपडी कुठं घालू ते तेवढं सांग. इथं कान गेला, तिथं सून बाळंत व्हायची आहे."

१०. हे सांगण्यासाठी नवी चाचणी हवी, नव्या चाचणीसाठी नवे पट्टे हवेत, आणि नव्या पट्ट्यांसाठी देवीची परवानगी हवी, असा हिशेब करीत अर्जदार दोन दिवस बसून होती. मग तिच्या लक्षात आले की सुरक्षित अंतर केंद्राने पूर्वीच ठरवलेले आहे. डिसेंबरात पाहुण्यांसाठी मांडव घातला होता. खुर्च्या मांडताना अर्जदार तेथे होती. पहिल्यांदा मांडल्या तेव्हा संचालक त्यांतल्या एकीवर बसून बघून आले आणि म्हणाले, "गुंडू, मागे घे." घेतल्या. पुन्हा बसले, पुन्हा उठले. "अजून मागे. अरे, माझ्या कानाचे पडदे तुझे बाबा शिवणार काय?" अशा त्या खुर्च्या मागे मागे सरकत चिंचेच्या झाडापाशी गेल्या, आणि तेथे संचालक निवांत बसले. पाहुण्यांची चाचणी आणि अहवालातली चाचणी एकच होती. फिल्म तीच, सुरुंग तोच. त्या दिवशी मांडवात बसलेल्या एकाही माणसाला काही झाले नाही. चहाच्या कपातला चहासुद्धा हिंदकळला नाही, असे संचालकांनीच भाषणात सांगितले.

११. तेव्हा अर्जदाराची विनंती एकच आहे. अहवाल चुकीचा आहे हे मंडळाने मान्य केले नाही तरी चालेल. केंद्राला जाब विचारला नाही तरी चालेल. अर्जदारावर हा अर्ज केल्याबद्दल जी कारवाई व्हायची ती होईल, त्याची चिंता मंडळाने करू नये. कुसवंडच्या खाणीजवळ जी झोपडी घालायची ती सुरुंगापासून निदान त्या अंतरावर घालावी, ज्या अंतरावर डॉ. शामसुंदर यांनी स्वतःची खुर्ची ठेवली. हे अंतर काढताना त्यांना कॅमेरा लागला नाही, भिंत लागली नाही, पट्टे लागले नाहीत. त्यांच्या सबंध कारकिर्दीतले हे एकच मापन असे आहे की ज्यात अर्जदारास खोट काढता येत नाही.

१२. हे अंतर फुटांत कळवले तर ते कोणाच्या तरी टेबलावर नव्याने तपासले जाईल, मीटरमध्ये कळवले तर कोणीतरी त्याचे फूट करील, आणि दोन्ही वाटांनी त्याचे पुन्हा शून्य होऊ शकते. म्हणून ते आकड्यात कळवलेले नाही. अर्जदाराने गेल्या रविवारी सुरुंगाच्या खड्ड्यापासून चिंचेपर्यंत सुतळी ताणली, मांडवाच्या पुढच्या खांबाचे भोक जमिनीत अजून आहे त्यापाशी कापली, आणि जशीच्या तशी पाठविली आहे. सुतळी धरायला यल्लव्वा होती.

टोळी पुढच्या आठवड्यात गाडीत बसेल. त्याआधी आदेश व्हावा.

आपल्या मंडळाच्या उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
वसुमती जयतीर्थराव कोलारकर
बंगळूर, २१ मार्च १९६७

सोबत:
(अ) फिल्मचा तुकडा. वाकलेले पट्टे भिंगाने मोजता येतील. रुंदी फूटभर धरावी.
(आ) अर्जदाराच्या मूळ तक्त्याची नक्कल, उण्या चिन्हासह.
(इ) सुतळीचे वेटोळे, वेगळ्या पार्सलाने. एक टोक सुरुंगाच्या जागी पक्के धरावे. दुसरे यल्लव्वाच्या हाती द्यावे आणि सुतळी ताठ होईपर्यंत तिला चालू द्यावे.